शेप्या आंब्यातला भुंगा: ठिपके नारिंगी होते, बरणीत पांढरे झाले. एकच जात की दोन?

गिरणवाला_खानापूर
२६ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी म्हणावा तसा शेतकरी नव्हे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात पिठाची गिरण, तेहतीस वर्षं तीच चालवली. आता पोरगा बघतो आणि मी जांबोटीच्या अंगाला गावाकडच्या घरी जाऊन-येऊन असतो. घरामागं अकरा गुंठ्यांचं परडं. त्यात तीन आंबे, दोन फणस, बांधावर काजूची आठ झाडं. आंब्यांपैकी एक हापूसचं कलम, मी हौसेनं लावलेलं. ते पानांनी डवरतं, फळाचं नाव काढत नाही. दुसरा गोटी, पोरांनी दगड मारून खायचा. तिसरा शेप्या, आज्जानं लावलेला. फळाला शेपूचा वास येतो म्हणून शेप्या. पिकला की कोण तोंडात धरत नाही, खरं लोणच्याला त्याच्यासारखा आंबा आमच्या पंचक्रोशीत नाही. आमच्या घरात आलेल्या प्रत्येक सुनेनं पहिल्या वर्षी नाक मुरडलंय आणि दुसऱ्या वर्षी माहेरी बरणी नेलीय.

हा शेप्या खचत चाललाय. गेल्या वर्षी पावसाळ्यात दक्षिणेकडची एक फांदी पिवळी पडली. दसऱ्याला बघतो तर पार वाळलेली. वाऱ्याचा झटका बसला असेल म्हणून तोडून टाकली आणि विसरलो. यंदा त्याच्या शेजारची फांदी तशीच करूलालीय. म्हणून यावेळी वाकून, साल चाचपून बघितलं. कमरेएवढ्या उंचीवर साल उकललीय, काळपट चिकट रस गळून वाळलाय आणि बुंध्याशी भुशाचा छोटा ढीग. बोटाला लावून बघितला. सवयच आहे ती, कुठलंही दळलेलं दिसलं की मी दोन बोटांत चोळतो. हा भुसा पीठ नव्हे, रवाही नव्हे. काड्या-काड्यांचा, ओलसर, कोंड्यासारखा.

आता भुंग्याचं. बारा जूनला पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री पडवीतल्या बल्बवर काहीतरी धाडकन आदळलं. आमच्या मंडळींना वाटलं वटवाघूळ. खाली पडलेला बघितला तर भुंगा. टेपनं मोजला, ३८ मिलीमीटर, मिशा सोडून. मिशा अंगापेक्षाही लांब आणि बैलाच्या शिंगांसारख्या मागं वळलेल्या. अंग राखाडी-तपकिरी, भिजलेल्या सिमेंटच्या रंगाचं. मानेवर दोन नारिंगी डाग, पंखांवरही नारिंगी ठिपके. मानेच्या दोन्ही अंगांना एकेक काटा. पंख जिथं सुरू होतात तिथं काळे चकचकीत दाणे, कोणी मोहरी चिकटवल्यासारखे. आणि चिमटीत धरला की आवाज करतो! चिर्र-चिर्र. गिरणीचा पट्टा सैल होऊन घसरायला लागला की येतो, अगदी तस्सा. मी दचकून सोडला, परत धरला, परत तेच.

लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवला. सहाव्या दिवशी मेला. बरणी खिडकीत राहिली. आता दीड महिन्यानं बघतोय तर ठिपके नारिंगी राहिलेच नाहीत. मळकट पांढरे. शेजारचे गृहस्थ म्हणतात, आंब्याचा भुंगा नारिंगी ठिपक्याचा असतो, हा पांढऱ्या ठिपक्याचा, म्हणजे दुसरा, याचा आणि तुझ्या झाडाचा संबंध नाही. मी म्हणतो, अहो, मी डोळ्यांनी नारिंगी बघितलाय. ते म्हणतात, बल्बच्या उजेडात सगळंच नारिंगी दिसतं.

भाच्यानं मोबाइलवर फोटो टाकून शोधलं तर दोन नावं आली, बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा आणि बॅटोसेरा रूबस. आडनाव एक, नाव वेगळं, एवढंच मला कळलं.

रयत संपर्क केंद्रात जाऊन एक कागद आणला, तो कन्नडमध्ये. नातीनं वाचून दाखवला, ‘कांड कोरेयुव हुळु’, म्हणजे खोड कोरणारा किडा. तिनं नुसतं वाचलं नाही, मला दोनदा म्हणायला लावलं आणि उच्चारावर हसली. त्याआधी एका औषध दुकानात गेलो होतो. त्यानं काही न विचारता फवारणीची बाटली दिली, ७८० रुपये. दोनदा फवारलं, दोन्ही वेळा तासाभरात पाऊस. पाऊस नसता तरी काय झालं असतं कोण जाणे, कारण किडा आत आणि मी पानं धुवूलालोय.

तर विचारायचं असं की हा भुंगा कोणता, रंग खरंच बदलतो का, हाच काजूतही जातो का (दोन काजूंच्या बुंध्याशीही भुसा आहे), आणि शेप्या वाचेल का. शेवटचा प्रश्न पहिला समजा.


रोपवाटिका_घटप्रभा
२७ जुलै, सकाळी ६.१५

काका, वर्णन वाचून मजा आली. इतकं नेमकं आमच्या प्रॅक्टिकलच्या वहीतसुद्धा कोण लिहीत नव्हतं. मी अरभावीच्या बागायती महाविद्यालयात शिकलो, आता घटप्रभेला रोपवाटिका आहे. आंब्याची कलमं हाच धंदा, म्हणून या भुंग्याशी जुनं वैर.

तुमचं बरोबर, शेजाऱ्यांचं चूक. मोहरीसारखे दाणे, मानेचे काटे, लांब मिशा, ही सगळी बॅटोसेराची खूण. बॅटोसेरा ही प्रजाती, म्हणजे तुमच्या भाषेत आडनाव. सेरॅम्बिसिडी कुळातली, लांब मिशांच्या भुंगेऱ्यांची. भारतापासून आग्नेय आशिया, जपान, न्यू गिनी ते ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेपर्यंत याच्या जाती पसरल्यात. न्यू गिनीकडचा बॅटोसेरा वॉलेसी तर तळहातावर मावेल न मावेल असा, मिशा अंगाच्या दुपटीहून लांब. आल्फ्रेड रसेल वॉलेसचं नाव त्याला दिलंय. आपल्याकडं आंब्यावर मुख्य त्रास रुफोमॅक्युलाटाचा. नावाचा अर्थच तांबूस ठिपक्यांचा. द गीअर यानं १७७५ साली वर्णन केलेला. रूबस त्याच्याही आधीचा, लिनिअसनं १७५८ साली नाव दिलेला. रूबसच्या मानेवर तांबूस डाग आणि पंखांवर सहसा पांढरे ठिपके, आणि तोही आंबा, फणस, वड-उंबराच्या कुळातली झाडं पोखरतो. हिमालयाच्या बाजूला रॉयलेई म्हणून आणखी एक आहे, तो आपल्याला नको.

आता रंग. ठिपके म्हणजे कवचाचा रंग नव्हे, वर दाटीनं बसलेली बारीक लव असते. भुंगा मेला, उन्हात राहिला की ती फिकी पडते. जपानात याच प्रजातीची एक जात आहे, बॅटोसेरा लिनिओलाटा. जिवंत असताना तिच्या पंखांवरच्या रेघा पिवळ्या, मेल्यावर पांढऱ्या होतात. आणि जपानी लोकांनी नाव काय ठेवलं? ‘शिरो-सुजी-कामिकिरी’, पांढऱ्या रेघांचा केस कापणारा. म्हणजे अख्ख्या देशानं मेलेला भुंगा बघून बारसं केलं. तेव्हा तुमच्या शेजाऱ्यांना नावं ठेवू नका, त्यांना सोबत मोठी आहे. जिवंतपणी पंखांवर नारिंगी बघितलात, तर मी रुफोमॅक्युलाटाच म्हणेन. खरं सांगायचं तर झाडासाठी रुफोमॅक्युलाटा की रूबस यानं फरक पडत नाही. उपाय एकच.

आवाजाचं म्हणाल तर ती धमकी. मानेची मागची कड पाठीवरच्या बारीक खाचांवर घासून तो चिर्र करतो. तुम्ही सोडलात म्हणजे धमकी लागू पडली.

भुंगा झाड मारत नाही. तो कोवळ्या फांद्यांची साल कुरतडतो, तेवढं झाडाला पचतं. मादी खोडाच्या सालीत जबड्यानं चीर पाडते आणि तिथं एक अंडं घालते, मग दुसरी चीर, दुसरं अंडं. आठवडा-दीड आठवड्यात अळी निघते, ती आधी सालीखाली फिरते, मग लाकडात शिरते. पाय नाहीत, डोकं काळं, बाकी अंग मळलेल्या लोण्याच्या रंगाचं, वाढली की बोटापेक्षा लांब. पाच-सहा महिने खात राहते, आतच कोष करते आणि पावसाच्या तोंडावर भुंगा होऊन गोल भोक पाडून बाहेर. वर्षाला एक पिढी. पानांना पाणी पोचवणाऱ्या वाटा ती कापते म्हणून फांदी वरून वाळत येते आणि माणूस वर बघत बसतो. दुकानदारानंही वरचंच औषध दिलं.

करायचं काय: ओला भुसा जिथून येतो ते भोक शोधा. साल पटाशीनं जिवंत भागापर्यंत तासा. सायकलची तार टोकाला आकड्यासारखी वळवून भोकात घाला, फिरवा, ओढा. अळी आली तर उत्तम. नाही आली तर कापसाचा बोळा पेट्रोलमध्ये भिजवून आत सारा आणि ओल्या मातीनं भोक लिंपा. विडीवाला माणूस जवळ ठेवू नका. पूर्वी डायक्लोरव्हॉस सांगायचे, जुन्या पुस्तिकांत अजून तेच छापलेलं आहे. ते ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे, कोणी जुनी बाटली काढून दिली तरी घेऊ नका. तासलेल्या जागेवर बोर्डो पेस्ट: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद प्लॅस्टिकच्या बादलीत भिजवा, लोखंडी घमेल्यात नको. पावसात टिकत नाही, उघडीप बघून लावा.

आणि एक विचारायचं राहिलं. गेल्या दसऱ्याला तोडलेली ती वाळकी फांदी सध्या कुठं आहे?

विचारतोय त्याला कारण आहे. इस्राएलमध्ये हाच रुफोमॅक्युलाटा जाऊन अंजिराच्या मागं लागलाय. तिथल्या संशोधकांनी २०१७ साली एक प्रयोग छापला. एक गट अंजिराच्या झाडात वाढलेल्या भुंग्यांचा, दुसरा निकृष्ट खाण्यावर, भुशात वाढवलेल्यांचा. दोन्ही यंत्राला बांधून उडवले. उपाशीपोटी वाढलेले आकारानं लहान निघाले आणि लांब उडाले तेच. अंगाच्या मानानं त्यांचे उडायचे स्नायू मोठे. म्हणजे मरणाऱ्या झाडातून निघालेला भुंगा किरकोळ दिसतो आणि तोच दुसरं झाड गाठतो. रुफोमॅक्युलाटा २५ ते ५५ मिलीमीटरपर्यंत सापडतो. तुमचा ३८. मधला म्हणू, लहानाकडं झुकलेला.


काजूबाग_कणकुंबी
२७ जुलै, दुपारी २.०५

काका, काजूच्या भुशाचं मी सांगते, कारण त्या शाळेची फी मी भरलीय. साठ झाडांपैकी चौदा गेली.

तुमच्या आंब्याचा भुंगा आणि काजूचा भुंगा चुलत भाऊ समजा, एक नव्हेत. काजूचा तो नियोप्लोसेडेरस फेरुजिनियस. जुन्या कागदांत नुसतं प्लोसेडेरस लिहिलेलं असतं, दोन्ही एकच. भुंगा तांबूस तपकिरी, डोकं-मान काळपट, ठिपका औषधालाही नाही. आणि तो सहसा कमरेच्या उंचीवर जात नाही. जमिनीलगत बुंधा आणि उघडी मुळं, तिथंच. तिथं डिंक आणि भुसा मिसळून चिखलासारखा लगदा दिसतो. आंब्याकडं मान वर करून बघायचं, काजूकडं गुडघे टेकून.

पहिल्या वर्षी मी पण पानं बघत बसले. काजूची पानं पिवळी पडली की समजायचं, आपल्याला उशीर झालाय. पुत्तूरला केंद्राचं काजू संशोधन संचालनालय आहे, त्यांचं सांगणं साधं आहे: पानं पिवळी पडली किंवा बुंध्याच्या घेराची निम्म्याहून जास्त साल पोखरली, तर त्या झाडावर पैसे घालू नका. मुळासकट काढा आणि बागेबाहेर न्या. मला हे पटायला दोन वर्षं लागली. दर वेळी वाटायचं, हे एवढं एक वाचेल. ते एवढं एक शेजारच्या तिघांना घेऊन जायचं.

काढलेल्या झाडाचा बुंधा फोडला तेव्हा आत जे बघितलं ते आजही डोळ्यासमोर आहे. लाकडाच्या पोकळीत पांढरी अंडी! पालीच्या अंड्यांपेक्षा कितीतरी मोठी, टणक. आमचा गडी म्हणाला, साप आहे बाई, हात घालू नका. कोयत्याच्या पाठीनं एक फोडलं तर चुन्याचं कवच आणि आत कोष. ती अळी कोषात जाण्याआधी स्वतःभोवती चुन्याची भिंत बांधते. आंब्याच्या भुंग्याचं असं नसतं. बुंधा फोडल्यावर चुन्याचं कवच मिळालं तर बोलायलाच नको, तोच.

तुमच्या दोन काजूंची पानं हिरवी असतील तर आजच बुंध्याची माती बाजूला करा, लगदा खरवडा, पटाशीनं भोक उघडून अळ्या काढा. बाकीच्या सहांच्या बुंध्याला निंबोळी तेल चोपडा, एका लिटर पाण्याला ५० मिली आणि थोडं साबणाचं पाणी, नाही तर तेल वर तरंगत राहतं. जमिनीपासून मीटरभर आणि उघडी मुळंसुद्धा. पावसात धुवून जाईल, उघडीप पडली की परत. ही एकदाची लढाई नव्हे.


द्राक्ष_अथणी
२७ जुलै, रात्री ८.३०

घाटाकडच्यांचं ऐकून बरं वाटलं, आम्हालाच त्रास आहे असं नाही. अथणीकडं द्राक्षाला खोडकिडा येतो तो सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर. हा पण लांब मिशीवाला, त्याच कुळातला. मूळचा बाभळीचा. बांधावरच्या बाभळी तोडून द्राक्षं लावली आणि वर विचारायचं, किडा आला कुठून! आमच्या वेलीचं खोड मनगटाएवढं, एक अळी पुरते. तुमच्या शेप्याला निदान अंग तरी आहे. तारेला माझा पाठिंबा, फक्त तार घालून घाईत ओढू नका. अळी तुटली की तिथंच सडते आणि बुरशी धरते.


सुतारनेट_शहापूर
२८ जुलै, सकाळी ११.१०

मी झाडं लावत नाही, कापलेली बघतो. शहापुरात सुतारकी आहे.

गिरणवाले, तुमच्या बोटांवर माझा विश्वास बसला. आमच्याकडं पण निदान भुशावरूनच होतं. फणसाच्या चौकटीतून, जुन्या पाटातून मैद्यासारखं पीठ गळतं, हाताला लागलं तर पुसावं लागतं, ते काम कोरड्या लाकडात राहणाऱ्यांचं. त्यातला एक, स्ट्रोमॅशियम बार्बाटम, तोही लांब मिशीवालाच, वर्षानुवर्षं वाळलेल्या लाकडात काढतो. गिऱ्हाईक येतं, म्हणतं तुम्ही किडकं लाकूड घातलंत. अहो, आठ वर्षांपूर्वी घातलं, किडा आता बाहेर आला, त्याला मी काय करू? ओल्या, जिवंत झाडातला भुसा जाड आणि काड्यांचा. तुमचा कोंडा म्हणजे आंब्याचाच.

घटप्रभेवाल्यांचा प्रश्न मीपण विचारणार होतो. आंब्याचं लाकूड सालीसकट रचून ठेवलं की आतली अळी काही मरत नाही. साल काढून चिरून वाळवा, नाही तर जाळा.


गिरणवाला_खानापूर
१० ऑगस्ट, रात्री १०.२०

मंडळी, सगळ्यांचे आभार. उशीर झाला कारण बारा दिवसांत फक्त दोनदा उघडीप मिळाली. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, कणकुंबीच्या ताईंना तर जास्तच.

आधी त्या फांदीचं सांगतो, कारण त्यावरून घरात मला मान खाली घालावी लागली.

गेल्या दसऱ्याला तोडलेली फांदी मी टाकली नव्हती. आंब्याचं लाकूड, टाकवत नाही. तुकडे करून पडवीतच रचून ठेवलं, पाणी तापवायच्या चुलीला म्हणून. गॅस गिझर आल्यापासून ती चूल पेटलीच नाही. ढीग तसाच, सालीसकट. आणि तो बल्ब बरोब्बर त्या ढिगाच्या वर.

घटप्रभेच्या दादांचा प्रश्न वाचला आणि तसाच उठून बॅटरी घेऊन गेलो. वरून तिसऱ्या ओंडक्यावर भोक. एकदम गोल, गिरमिटानं पाडल्यासारखं, कडेला साल कुरतडलेली. माझी करंगळी सहज गेली. मग बरणी आणली, भुंगा काढला, पाय-मिशा तुटू नयेत म्हणून हळू धरला आणि भोकाशी लावून बघितला. खांद्यापर्यंत अलगद गेला. कुलूप-किल्ली. म्हणजे हा रानातून उजेडाला आलाच नव्हता. माझ्याच ढिगातून निघाला आणि माझ्याच बल्बवर आपटला. आठ महिने मी त्याला कोरड्या जागी सांभाळला, पावसाचा थेंब लागू दिला नाही. अशी आणखी दोन भोकं मिळाली. त्यातले दोघं कुठं गेले ते आता गोटीच्या आणि हापूसच्या खोडाला विचारायचं.

आमच्या मंडळींनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, “दसऱ्यापासून म्हणतेय तो ढीग काढा म्हणून.” शेजारच्यांनाही भोक दाखवलं. ठिपक्यांवर ते अजून ठाम आहेत, खरं दुसऱ्या दिवशी गुपचूप आपल्या परड्यातली लाकडं हलवताना दिसले.

ढीग त्याच आठवड्यात सगळा जाळला. बाहेर काढताना भिजला, धूर गावभर. दोन तुकडे फोडून बघितले तर आत नुसती बोगदी, भुसा दाबून भरलेला. चाळून बघायचा मोह आवरला नाही. रव्याच्या चाळणीतून चिमूटभर खाली पडलं, बाकी सगळं वर राहिलं. सुतारनेटांनी पाठवलं तर त्यांच्या चौकटीतलं पीठ मला एकदा मैद्याच्या चाळणीतून काढायचंय. हसू नका, माझा धंदा तोच.

आता शेप्या. चार तारखेला उघडीप मिळाली. भाचा, मी आणि सायकलची तार. साल तासायला लागलो तर पटाशीखाली एके ठिकाणी पोकळ आवाज आला. साल हातानंच सुटली आणि खाली बोटभर रुंदीची वाट, वर-खाली नागमोडी, ओल्या भुशानं भरलेली. तार घातली, फिरवली, हाताला काहीतरी मऊ लागल्यासारखं वाटलं. अथणीकरांचं आठवलं, घाई नाही केली. आली. मोजली, साडेसहा सेंटीमीटर. पाय नाहीत, अंगावर वळ्या, डोकं काळं, आणि जबडा बाहेर आल्यावरही हलवतच होती. भाचा व्हिडिओ काढत होता, तेवढ्यात कोंबडीनं येऊन नेली, व्हिडिओत फक्त कोंबडीची पाठ. त्या दिवशी तीन निघाल्या. दोन भोकांत तार पोचेना, तिथं पेट्रोलचे बोळे आणि माती. बोर्डो पेस्ट केली, त्यात माझं कौशल्य दिसलं, एक गाठ राहू दिली नाही. दुसऱ्या दिवशी सरीवर सर आली आणि निम्मी पेस्ट धुवून नेली. परवा परत लावली.

दुसरी वाळकी फांदी कापली. छेद बघून पोटात गोळा आला. मधे पोकळी, कडेला जिवंत लाकडाची तळहाताएवढी कोर. बुंध्याची अवस्था किती आहे कळत नाही. ठोकून बघितलं तर दक्षिणेकडून घुमतो, उत्तरेकडून भरीव वाजतो. उत्तरेकडच्या फांदीला मात्र तांबूस कोवळी पालवी आहे.

काजूचं: ताई, गुडघे टेकून बघितलं. एकाचा लगदा खरवडला, अळ्या काढल्या, पानं अजून हिरवी आहेत, त्याच्यावर आशा आहे. दुसऱ्याची वरची पानं पिवळी होती. तुमचं वाक्य वाचलेलं होतं, तरी दोन दिवस त्याच्याभोवती फिरलो. काल उपटलं. बुंधा फोडला आणि हो, चुन्याची अंडी. तीन. एक नातीच्या शाळेत गेलंय. तिच्या बाईंनी त्याला कन्नडमध्ये काय म्हणतात ते विचारून यायला सांगितलंय, आणि घरात ते माझ्याकडूनच कळेल अशी नातीची समजूत आहे.

घटप्रभेच्या दादा, आता तुमच्याकडं एक काम. उत्तरेकडच्या फांदीवरच्या काड्या घेऊन कलम बांधता येईल का? गोटीच्या कोयी मी आधीच ओल्या गोणपाटात घालून ठेवल्या होत्या, तीस-पस्तीस उगवल्यात, देठ अजून तांबडे आहेत. काडी केवढ्या जाडीची हवी, पानं किती दिवस आधी खुडायची आणि खानापूरहून तुमच्यापर्यंत येताना ती कशात गुंडाळायची, तेवढं सांगा. एसटीनं येईन, सकाळची पहिली गाडी.


रोपवाटिका_घटप्रभा
११ ऑगस्ट, सकाळी ५.५०

काका, देठ तांबडे आहेत तोवरच या, ते हिरवे पडले की कोय कलमाची वेळ गेली. काडी पेन्सिलीएवढी, तीन-चार महिन्यांची, टोकाचा डोळा फुगलेला पण फुटलेला नको. पानं आठ-दहा दिवस आधी खुडा, देठ ठेवून. पालवी फुटलेल्या शेंड्याची काडी घेऊ नका, त्याच फांदीवरची न फुटलेली बघा. ओल्या सुती कापडात गुंडाळून वर प्लॅस्टिक. आणि घ्यायच्या आधी प्रत्येक काडीची साल बघून घ्या, कुरतडलेली असेल तर ती तिथंच सोडा.

रोपं माझ्याकडची वापरू नका, तुमच्या गोटीचीच आणा. वीस तारखेच्या सुमारास, देठ हिरवे पडायच्या आत. लोणच्याची बरणी आणलीत तर भुंग्याची नको.